चोचीचा न्याय

आमच्या घरामागच्या परसात सहा कोंबड्या आणि एक कोंबडा यांचा संसार गेली चार-पाच वर्षे चालू आहे. सकाळी खुराड्याची फळी वर उचलली की प्रथम एक तांबडी, भरल्या अंगाची कोंबडी बाहेर येते. आईने तिचे नाव पाटलीण ठेवले आहे. पाटलीण अंग झाडते, मान वाकडी करून परसाची पाहणी करते आणि कण्यांच्या परातीकडे चालू लागते. तिच्यामागून बाकीच्या निघतात. परात मोठी आहे, कण्यांना तोटा नसतो. तरीही पाटलिणीच्या अंगाला अंग लावून कोणी उभे राहावयाचे आणि कोणी दोन पावले मागे थांबावयाचे, हे सारे ठरलेले असते. सर्वांत शेवटी एक चितरी कोंबडी येते. लहानपणी मुंगसाच्या तावडीतून सुटताना तिचा एक पाय अधू झाला. तिला कोणीही टोचावे आणि तिने मात्र कोणाला टोचू नये, असा त्या परसाचा कायदा आहे. हा कायदा सर्वजणी पाळतात, म्हणून परसात शांतता असते. बाहेरचा कोणी आला म्हणजे म्हणतो, "काय गुण्यागोविंदाने नांदतात हो तुमच्या कोंबड्या!"

गेल्या उन्हाळ्यापर्यंत मीही तसेच म्हणत असे.

मार्च महिन्यात मी बाजारातून गिरिराज जातीची आठ पिल्ले आणली. ही जात गावठीपेक्षा लवकर वाढते आणि परसातल्या मोकळ्या जगण्यालाही टिकते. पुठ्ठ्याच्या खोक्यात भाताचे तूस अंथरून, वर दिवा टांगून आम्ही ती सोप्यात वाढवली. मानमोडीच्या लसीचे थेंब डोळ्यांत घातले. दोन पिल्ले पहिल्याच आठवड्यात गेली, सहा जगली. सात आठवड्यांची झाली तेव्हा ती सोप्यात मावेनाशी झाली होती, घाण होत होती, आणि खरे सांगायचे तर मला त्यांचा कंटाळाही आला होता. मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी मी खोके उचलले आणि सहाही पिल्ले परसात सोडून दिली. आई म्हणाली, "आरं, जरा दमानं." मी म्हणालो, "दोन दिवस टोचतील, मग त्यांचं त्यांच्यात आपोआप ठरेल."

कोंबड्यांनी एकदम माना वर केल्या. पाटलीण सावकाश चालत आली. तिने पहिल्या पिल्लाच्या डोक्यावर एकदाच चोच मारली. ते चिरकून बाजूला झाले. पाटलीण परत परातीकडे गेली. एवढ्यावर भागले असते तर मी आजही जुनेच बोलत राहिलो असतो. पण तिच्यामागून चितरी आली. जन्मभर जिला कोणाला टोचता आले नव्हते, तिला टोचण्याजोगे कोणीतरी आज प्रथमच समोर आले होते. तिने सर्वांत बारके पिल्लू हेरले आणि अधू पाय ओढीत ती त्याच्या मागे लागली. पिल्लू भिंत आणि दगडी जाते यांच्यामधल्या सापटीत डोके खुपसून बसले. आपल्याला दिसत नाही म्हणजे आपणही दिसत नाही, असे त्या बापड्याला वाटले असावे. उघड्या पाठीवर चोची बसू लागल्या. रक्त दिसले; आणि तांबडा ठिपका दिसला की त्यावर चोच मारल्यावाचून कोंबडीला राहवत नाही. चितरीच्या जोडीला आणखी दोघी आल्या. मी पायरीवर उभा होतो. हातात रिकामे खोके होते. मी मध्ये पडलो तेव्हा उशीर झाला होता. हळद लावली, दिव्याखाली ठेवले, चमच्याने पाणी पाजले. परंतु रात्री केव्हातरी ते पिल्लू मेले.

सकाळी आईने ते फडक्यात गुंडाळले. मी म्हणालो, "निसर्गाचा नियमच आहे गं तो."

आईने माझ्याकडे पाहिले. "असंल. पर तू हितंच हुबा हुतास न्हवं?"

या प्रश्नाने मला पुष्कळ दिवस सोडले नाही. त्याचे उत्तर शोधताना जे सुचले ते येथे लिहून ठेवीत आहे.

निसर्गाचा नियम, हे शब्द मी अगदीच अज्ञानाने वापरले नव्हते. थोडेफार वाचलेले होते. नॉर्वे देशात थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे या नावाचा एक प्राणिशास्त्रज्ञ होऊन गेला. लहानपणापासूनच त्याला कोंबड्या न्याहाळण्याचा नाद होता. कोणती कोंबडी कोणाला टोचते आणि कोणाकडून टोचून घेते, याच्या नोंदी त्याने चिकाटीने ठेवल्या आणि 1922 मध्ये आपली निरीक्षणे जर्मन भाषेत प्रसिद्ध केली. कळपातल्या प्रत्येक दोन कोंबड्यांमध्ये वरची कोण आणि खालची कोण हे ठरलेले असते, ते बहुधा पहिल्या भेटीतच ठरते आणि एकदा ठरले की सहसा बदलत नाही, हे त्याने दाखवून दिले. इंग्रजीतला 'पेकिंग ऑर्डर' हा शब्दप्रयोग त्याच्याच शोधातून आला. आज तो कोंबड्यांपेक्षा कचेऱ्यांतल्या साहेबांविषयी आणि कारकुनांविषयीच अधिक वापरला जातो.

हे निरीक्षण खरे आहे. माझे परस त्याला साक्ष आहे. परंतु निरीक्षण करणाऱ्याला त्यातून तत्त्वज्ञान काढण्याचा मोह होतो. 1935 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात या शास्त्रज्ञाने जुलूमशाही हेच जगाचे मूलतत्त्व आहे, अशा अर्थाचा निष्कर्ष मांडला. त्या साली युरोपात काय चालले होते हे आठवले म्हणजे अंगावर काटा येतो. तो शास्त्रज्ञ त्या मंडळींपैकी होता, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. मी एवढेच म्हणतो की, "असे असते" या वाक्यापासून "असेच असावयाचे" या वाक्यापर्यंत जी एक पायरी आहे, ती इतकी बुटकी आहे की ती आपण केव्हा उतरलो हे भल्याभल्यांना कळत नाही. मी तर ती रिकामे खोके हातात घेऊन उतरलो.

आपल्या पूर्वजांना ही पायरी दिसली होती, असे मला वाटते. मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे त्यांनीही पाहिले होते आणि त्याला 'मात्स्यन्याय' असे नावही दिले होते. पण हा शब्द महाभारताच्या शांतिपर्वात काय किंवा कौटिल्याच्या अर्थशास्त्रात काय, कशासाठी येतो ते पाहण्यासारखे आहे. मासे असे वागतात, तेव्हा आपणही निमूट पाहत बसावे, यासाठी तो येत नाही. राजा कशासाठी हवा आणि दंड कशासाठी हवा, हे सांगताना तो येतो. मात्स्यन्याय माजला म्हणजे राजाने आपले काम केले नाही, असा त्याचा अर्थ. निसर्गाचा नियम त्यांनी जबाबदारीची सुरुवात म्हणून सांगितला. आपण तो जबाबदारीचा शेवट म्हणून सांगतो.

तरीही माझे समाधान झाले नसते. राजा आणि दंड या फार मोठ्या गोष्टी झाल्या. परसात चोवीस तास काठी घेऊन कोण बसणार? माझी खरी चूक मला आईच्याच दुसऱ्या एका बोलण्याने कळली. दोन-तीन दिवसांनी भाकरी थापता थापता ती म्हणाली, "खुडूक बसल्याल्या कोंबडीची पिल्लं कुणी मारल्याली बघितलीस का रं कधी?"

मी आठवून पाहिले. परसातच दोन वर्षांपूर्वी एक काळी कोंबडी अकरा अंड्यांवर खुडूक बसली होती. एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले निघाली. चौथ्या दिवशी ती सगळा लबेदा घेऊन परसात उतरली. पाटलीण त्याही वेळी पुढे आली होती. पण काळीने अंगाची सगळी पिसे फुलवली, पंख पसरले आणि अशी काही झेप घेतली की पाटलीणबाई चार पावले मागे सरल्या. पुढे दोन महिने पिल्ले तिच्या पंखांखाली, पायांत, मागेपुढे फिरत राहिली. परातीवर ती तिच्या आडोशाने खात. चोच चुकवावयाची कशी, कोणापासून किती लांब राहावयाचे, लपावयाचे कोठे, हे ती या दोन महिन्यांत शिकली. मग एक दिवस काळीनेच त्यांना टोचून दूर केले. तोपर्यंत परसातल्या सगळ्या कोंबड्यांना ती रोजची झाली होती आणि त्यांनाही परस रोजचे झाले होते. ती सगळ्यांच्या खालीच होती. पण जिवंत होती. नऊपैकी एकही चोचीने मेले नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की निसर्गाच्या नियमाला दोन कलमे आहेत. नव्याला टोचावे हे एक. आणि नव्यापुढे आईने उभे राहावे हे दुसरे. दोन्ही सारखीच निसर्गाची. माझी पिल्ले यंत्रात उबवली गेली होती. त्यांना आई नव्हतीच. माझ्या सोयीसाठी, स्वस्त अंड्यांसाठी, कोणीतरी दुसरे कलम आधीच खोडून टाकले होते, आणि मी उरलेल्या पहिल्या कलमाकडे बोट दाखवून म्हणत होतो, "निसर्गच तसा आहे." निसर्गाचे नाव घेणाऱ्याने आधी आपण निसर्गातून काय काढून घेतले आहे ते पाहावे. जे काढून घेतले ते परत देण्याचे ऋण त्याच्याकडे लागते. पिल्लांना आईवेगळे करून आणणाऱ्याने आईचे निदान निम्मे काम तरी अंगावर घेतले पाहिजे.

हे सारे एका पिल्लासाठी जरा फार होते, असे वाचकांना वाटेल. मलाही तसे वाटले असते, जर हाच "आपोआप" मी पूर्वी एकदा, पिल्लाहून मोठ्या जिवाच्या बाबतीत म्हटला नसता.

आमच्या भागात दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. पुष्कळ बीडकडच्या असतात. उसाच्या फडाजवळ त्यांच्या कोप्या पडतात. नवरा-बायको पहाटेपासून कोयता घेऊन फडात असतात आणि मुले कोपीत, गाडीवर, नाहीतर उसाच्या मोळ्यांवर. काही वर्षांपूर्वी अशा एका टोळीतला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा मी माझ्या वर्गात आणला. त्याच्या बापाची समजूत घालून आणला, याचा मला अभिमानही होता. मुलगा हिशेबाला तरबेज होता; किती मोळ्यांचा किती टन होईल ते तोंडी सांगे. पहिल्या दिवशी मी त्याला फळ्यापुढे उभे केले आणि वर्गाला म्हणालो, "हा तुमचा नवा मित्र. याला सांभाळून घ्या. सांग रे, तुझं नाव सांग, गाव सांग." तो म्हणाला, "महं गाव..." आणि वर्ग हसला. 'माझं'ला 'महं' म्हणणारा मुलगा त्यांनी पाहिला नव्हता. ते हसले यात मुलांचा फार दोष नाही. मीही हसलो होतो.

त्याचे नावच 'महं' पडले. मधल्या सुट्टीत काय होते हे मला ऐकू येत असे. मुख्याध्यापकांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, "पोरं आहेत. चार दिवसांत आपोआप सामावून घेतील." यात सर्वांत पुढे होता तो एक तोतरा मुलगा. त्याला तोवर सगळा वर्ग चिडवीत असे. नवा मुलगा आल्यापासून त्याला कोणी चिडवीत नव्हते. त्या वेळी मला याचे आश्चर्य वाटले होते. चितरी अधू पाय ओढीत धावली तेव्हा वाटले नाही.

तो मुलगा अकरा दिवस शाळेत आला. बाराव्या दिवशी मी कोपीवर गेलो. तो धाकट्या बहिणीला खेळवीत बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. त्याची आई म्हणाली, "सर, त्यो न्हाई म्हणतोय. ऱ्हाऊ द्या." पुढच्या आठवड्यात टोळी दुसऱ्या फडावर गेली. तो आता मोठा झाला असेल. बहुधा त्याच्याच हाती कोयता असेल. मी त्याला मारले नाही, हाकलले नाही, उलट मीच त्याला बोलावून आणले होते. पण आईचा प्रश्न तेथेही तसाच्या तसा लागू पडतो. मी तेथेच उभा होतो.

पिल्ले अजून पाच उरली होती. त्यांच्याबाबतीत मी काय केले ते सांगतो, कारण तत्त्वाची कसोटी अखेर परातीपाशीच लागते.

प्रथम परसाच्या एका कोपऱ्याला बांबूच्या आधाराने तारेची जाळी लावली आणि पाचही पिल्ले जाळीआड ठेवली. जुन्यांना नवी दिसत होती, नव्यांना जुन्या. चोच मात्र पोचत नव्हती. दोन्ही बाजूंचे खाणे जाळीलगतच ठेवले. पहिले चार-पाच दिवस चितरी जाळीवर चोच आपटीत असे. दुसऱ्या आठवड्यात तिला कंटाळा आला. तिसऱ्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या कोंबड्या जाळीला पाठ लावून धुळीत लोळताना दिसू लागल्या. कोंबडीला कंटाळा येऊ देणे ही मोठी विद्या आहे. द्वेषाला रोज नवे खाद्य लागते. ते न मिळाले की पुष्कळसा द्वेष सवयीत विरून जातो.

मधल्या काळात पिल्ले वाढत होती. बारा आठवड्यांची झाली तेव्हा ती जुन्या गावठी कोंबड्यांच्या जवळपास भरू लागली. मग जाळी एका ठिकाणी वीतभर वर उचलली, इतकीच की नव्यांना खालून ये-जा करता यावी आणि पाटलिणीला करता येऊ नये. परसात मोडके बाजले तिरके टेकवून ठेवले, आंब्याच्या चार फांद्या टाकल्या, म्हणजे पळणाऱ्याला आड जाता यावे. ज्या सापटीत पहिले पिल्लू अडकले होते ती दगडांनी बुजवून टाकली. आसऱ्याला दोन तोंडे असावी लागतात, एकाच तोंडाचा आसरा हा सापळा असतो. परात एक होती, तिच्या दोन केल्या आणि एकमेकींपासून लांब मांडल्या. कारण एकाच परातीवर पाटलिणीची पाटीलकी चालते. दोन परातींवर एकाच वेळी ती उभी राहू शकत नाही. शेवटी एका रात्री, अंधारात कोंबडीला दिसत नाही याचा फायदा घेऊन, पाचहीजणींना एकदमच खुराड्यातल्या दांडीवर नेऊन बसवले. सकाळी फळी उचलली तेव्हा सगळ्या एकाच दारातून बाहेर पडल्या.

खाण्याच्या बाबतीत मला आणखी एक धडा मिळाला. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या खाद्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असते. कवचाला ते लागते. वाढीच्या वयातल्या पिल्लाला साधारण एक टक्का पुरते आणि त्याहून फार जास्त झाले तर त्याच्या मूत्रपिंडांवर परिणाम होतो. तेव्हा सगळ्यांना एकच खाद्य देऊन मी सर्वांना सारखे वागवतो असे म्हणणे म्हणजे लहानांना विष घालण्यासारखे आहे. आम्ही सगळ्यांना वाढीचेच खाद्य घालू लागलो आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवला. जिला लागेल तिने खावा. वर्गात सगळ्यांना एकच प्रश्न विचारून मी निःपक्षपाती असल्याचा आव आणीत असे, त्याची मला तेव्हा आठवण झाली.

आता अडचणीची गोष्ट सांगतो. पाचव्या दिवशी एकीच्या डोक्यावर जखम झाली. मी घाबरलो. एकदा हात पोळले होते. तिला उचलून सोप्यात नेले, चांगले आठ-दहा दिवस ठेवले, गोंजारले, जखम भरली आणि पुन्हा परसात सोडले. परसाने तिला ओळख दाखवली नाही. ती पुन्हा नवी झाली होती, आणि या वेळी एकटी होती. उरलेल्या चौघींनीसुद्धा तिला टोचले. मी तिला वाचवण्यासाठी दूर नेले होते आणि त्या दूर नेण्यानेच तिला परके केले होते. पुढच्या वेळी जखमेवर जांभळे औषध लावले, म्हणजे तांबडे दिसू नये, आणि तिला जाळीआड ठेवले, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. चार दिवसांनी जाळी काढली. काही झाले नाही.

म्हणजे मध्ये पडणे हाही सरळ मार्ग नाही. काठी घेऊन नव्याची राखण करणारा त्याला एकटा पाडतो आणि हात बांधून उभा राहणारा त्याला मरू देतो. मी वर्गात दोन्ही चुका केल्या होत्या: फळ्यापुढे उभे करून, सांभाळून घ्या म्हणून, आधी त्याला सर्वांच्या नजरेस दिले, आणि मग मधल्या सुट्टीत त्याला वाऱ्यावर सोडले. आणणाऱ्याचे काम या दोहोंच्या आधी सुरू होते. जाळी, दुसरी परात, दोन तोंडांचा आसरा, सोबतीला आणखी कोणी, आणि वेळ. ही कामे टोचणी सुरू होण्यापूर्वी करावयाची असतात. टोचणी सुरू झाल्यावर जो उरतो तो फक्त पश्चात्ताप आणि हळद.

यावर एक आक्षेप मला स्वतःलाच सुचतो. माणसे म्हणजे कोंबड्या नव्हेत. खरे आहे. चितरीला दोष देता येत नाही, कारण आपण काय करतो हे तिला कळत नाही. तोतऱ्या मुलाला थोडा देता येतो. मला पूर्ण देता येतो. या उतरंडीत कोंबड्यांपासून माझ्यापर्यंत येताना जबाबदारी वाढत जाते. तेव्हा कोंबड्यांचे उदाहरण देऊन मी सुटावे, असे त्यात काहीच नाही.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. दोन परातींनी उतरंड मोडली का? नाही. आजही पाटलीण पहिली बाहेर येते आणि पाचांपैकी एक तलंग सगळ्यांच्या शेवटी खाते. मी अन्याय नाहीसा केला असे म्हणणे खोटे होईल; मी तो रक्त न सांडता जगण्याजोगा केला, इतकेच. पुष्कळ सुधारणांचे असेच असते आणि त्यांवर संतुष्ट राहणे बरे नव्हे. परंतु स्वभाव बदलतच नाही म्हणून निराश होण्याचेही कारण नाही. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम म्यूर या शास्त्रज्ञाने 1996 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. एरवी निवड करताना जी एकटी सर्वांत जास्त अंडी देते ती कोंबडी पैदाशीला ठेवतात. म्यूरने एकेक कोंबडी निवडली नाही. ज्या पिंजऱ्यातल्या साऱ्या बहिणी मिळून चांगल्या जगल्या आणि अंडी दिली, तो सबंध पिंजरा निवडला. त्यांच्या चोचीही छाटल्या नव्हत्या. दुसऱ्या पिढीत वर्षभरात 68 टक्के कोंबड्या मरत होत्या. चौथ्या पिढीत ते प्रमाण 8.8 टक्क्यांवर आले. चोच तीच, पिंजरा तोच. बक्षीस कशाला द्यावयाचे ते बदलले होते. मोठ्या कुक्कुटपालनात टोचणी थांबवण्यासाठी पिल्लांच्या चोचीचे टोक कापण्याची रीत आहे, ती मी पाहिली आहे. हत्यार कापून टाकणे सोपे असते. आपण शाबासकी कोणाला देतो हे तपासणे कठीण.

माझ्यापुरते म्हणायचे तर, मी इतकी वर्षे पहिल्या आलेल्या मुलाच्या पाठीवर हात ठेवीत आलो. ज्या बाकावरची चारही मुले एकमेकांना धरून पुढे सरकली, त्या बाकाकडे मी फारसे पाहिले नाही.

नव्यांपैकी दोघी भाद्रपदात अंड्यावर आल्या. अंगाने त्या आता चितरीहून थोराड आहेत. गेल्या आठवड्यात त्यांतल्या एकीने चितरीला परातीवरून हुसकावून लावले. मला वाटले होते की मला बरे वाटेल. पण चितरी पूर्वीसारखी दोन पावले मागे जाऊन, अधू पाय पोटाशी धरून उभी राहिली, आणि मला काही बरे वाटले नाही. मी आत जाऊन तिसरी परात आणली. आई दारात बसली होती. ती म्हणाली, "आता सगळ्यास्नी परात परात देनार व्हय?" मी म्हणालो, "लागली तर देऊ."

हा लेख वाचकांच्या हाती पडेल तेव्हा दिवे लागलेले असतील. त्यानंतर थोड्याच दिवसांत वाटेवर गाड्या आणि ट्रॅक्टर वाजू लागतील, फडाजवळ कोप्या उभ्या राहतील. या वर्षी मी टोळीच्या मुकादमाला आधीच निरोप पाठवला आहे की एकच मूल पाठवू नका, दोन-तीन मिळून पाठवा. पहिला आठवडा मुले संध्याकाळी नुसती मैदानावर खेळायला येतील. मग वर्गात. फळ्यापुढे कोणालाही उभे करावयाचे नाही. त्या तोतऱ्या मुलासारखा यंदाही एक मुलगा वर्गात आहे. त्याच्याशी मी आतापासूनच बोलू लागलो आहे. यातून काय निष्पन्न होईल ते मला सांगता येत नाही. जे व्हावयाचे ते आपोआप होणार नाही, एवढे मात्र मला कळले आहे.